पाळीवरचा भात

"शकुबाई, तुमच्या भावानं चिखलपारले निरोप धाडला जी. म्हने, बसून बोलू, तंटा मिटवू."

नूर मोहम्मद बांगडीवाला माह्या ओसरीवर टेकता टेकता हे बोलला, अन् मी हातातलं सूप अंगनात फेकलं. तांदूळ सांडले, कोंबड्या धावल्या. लोक सांगतेत का सूप माह्या हातून सुटलं. सुटलं नाई बापा, फेकलं. माहा सभाव साऱ्या गोविंदबोडीले माहीत आहे.

"निरोप नेला कोनं?" मी इचारलं.

"मीच नेला. काय करू बाई? बांगडीवाल्याले दोन्ही गावच्या बाया हात देतेत. देवाजीभाऊ म्हनले, नूरभाई, तूच जा, आमचा मानूस गेला त डोकं फुटून येईन." त्यानं टोपली खाली ठेवली अन् आवाज बारीक केला. "अन् त्यायच्या म्होरक्याची, डोमाची तब्येत लय खराब आहे. खाटेवरून उठत नाई, नुसता खोकते. ह्या महिन्यात नाई त पुढच्या महिन्यात, खेल खतम."

"मंग त चांगलंच आहे! मरू दे ना त्याले. आत्ता कायले बोलाचं?"

नूर मोहम्मद त सिंदेवाहीचा मानूस, दोन्ही गावचा चहा पेनारा. त्यानं उठून माहे सांडलेले तांदूळ गोळा केले, कोंबड्यायले हाकललं, अन् टोपली उचलून चालता झाला.

तंटा कायचा होता ते सांगते. आमच्या गावाच्या वरच्या अंगाले एक जुना तलाव आहे, मालगुजाराच्या आज्यानं बांधलेला. पाळीखाली पयले आमच्या बांध्या, म्हंजे धानाचे वावरं, अन् त्याच्या खाली चिखलपारच्या. पाळीत पानी सोडाचं जे भोक असते त्याले आमी तुडुम म्हनतो. ते मालगुजाराच्या हुकमानं उघडे. कोनाले किती पानी ते तो सांगे, अन् कोनाच्या पोटात दुखलं त दुखलं. मंग मालगुजारी गेली. लोक लय खुश झाले, नारळ फोडले. पन तुडुमाचा हुकूम कोनाकडं गेला, ते कोनीच सांगे ना.

त्याच साली अश्विनात पावसानं दगा देल्ला. धान दुधात आलं होतं, एक पानी भेटलं त दाना भरन, नाई त नुसती वाळली काडी, तणस हाती येईन, अशी गत. दोन्ही गावं काठ्या घेऊन पाळीवर आले. माहा मालक इतवारी तुडुमाच्या तोंडाशी उभा होता. भांडाले नाई. मांगं सरा, मांगं सरा, एवढंच म्हनत होता. त्या गर्दीत कोनाची काठी त्याच्या डोक्यात बसली, दिसलं नाई. तिसऱ्या दिवशी गेला. चांद्याले केस चालली. एवढ्या मानसायतून एकानं नाव घेतलं नाई, अन् साहेबानं केस बंद केली.

तवापासून लढाई. आमच्याकडून लढाईचा पुढारी माहा मोठा भाऊ देवाजी. माहं सासर-माहेर एकाच गावात, म्हनून त माह्या तोंडाले कधी सासरचा धाक लागला नाई, असं भाऊच म्हने. मानूस तसा गरीब, पन इतवारी गेल्यावर त्यानं कंबर कसली. तुडुमावर पहारा बसवला. त्यायचं जनावर आमच्या बांधीत शिरलं का कोंडवाड्यात. सोयरीक बंद, जानं-येनं बंद. आमच्याकडं रोवण्याच्या, म्हंजे धान लावाच्या दिसात दोन्ही गावच्या बाया मिळून पयले वरच्या बांध्या रोवत, मंग खालच्या. तेही बंद. त्यायची तणस जळाली, मंग आमची जळाली.

अन् तिसऱ्या साली आमी जिंकून राह्यलो होतो! तुडुम आमच्या हातात. चिखलपारच्या बांध्यायले भेगा पडल्या. त्यायचे अर्धे जवान पोरं माजरीच्या कोळशाच्या खदानीत गेले. आता म्होरक्याही खाटेवर पडला. अजून एक अश्विन काढला असता त चिखलपार आमच्या पायावर येऊन पडलं असतं. अन् अशा वक्ती देवाजीभाऊ बोलाले चालला!

गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. गुणवंतराव, ज्याची बांधी तुडुमाले लागून, तो म्हने, देवाजीले सरपंच व्हाचं आहे, चिखलपारचे मतं पाहिजे. कोनी म्हने, म्हातारपन आलं, भेला. उचलली जीभ अन् लावली टाळ्याले, कोनाले काय? पन साऱ्यात जास्त कोन तापलं असन त माहा पोरगा पत्रू.

बाप गेला तवा पत्रूले मिसरूड फुटत होतं. देवाजीभाऊले लेकरू नाई, त त्यानंच पत्रूले हाताशी धरून नांगर शिकवला, बाजार दाखवला, मानसात बसाले शिकवलं. आता पत्रू साऱ्या जवान पोरायचा म्होरक्या झाला होता. मामानं बोट दाखवलं का हे पोरं धावत. आताशा मामानं बोट नाई दाखवलं तरी धावत.

"मामा थकला," पत्रू मले म्हने. "थकू दे. पुढचं आमी पाहू. मले बाकी काई नाई पाहिजे माय. मले नाव पाहिजे. बाबाले कोनं मारलं त्याचं नाव भेटू दे फक्त." अन् तो कुऱ्हाडीले धार लावाले बसे. लाकडं फोडाले एवढी धार कायले लागते? मी माय होती त्याची, मले समजत होतं. अन् खरं सांगते, मले बरंही वाटत होतं. ज्याचं जळते त्यालेच कळते. मलेही ते नाव पाहिजे होतं.

तशीच तरातरा गेली मी भावाच्या बांधीवर. तो धुऱ्यावर, बांधीच्या कडेले बसून गवत उपटून राह्यला होता.

"काय गा भाऊ, डोमाले भेलास का?"

"बस," तो म्हने.

"नाई बसत. लोकं थुंकून राह्यले तुह्या नावानं."

"मंग उभीनं ऐक. तुही कोंबडी शेजाऱ्याच्या अंगनात गेली, भांडन झालं. तू कोनाशी भांडशीन?"

"घरधन्याशी. अजून कोनाशी?"

"अन् घरधनी मेला. चार भाऊ येगळे झाले, एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं. आता मिटवशीन कोनाशी? एक हो म्हनन, तिघं नाई म्हनतीन." त्यानं हातातलं गवत बाजूले फेकलं. "डोमा आहे तवरीक चिखलपार एक गाव आहे शकू. त्यानं बसा म्हटलं का सारे बसतेत. तो मेला का तिथी घरोघरी डोमा होतीन. मी कोनाकोनाशी बोलू? तू म्हनतं मरू दे. मी म्हनतो, त्याच्यात जीव आहे तवरीकच बोलून घ्या."

"आपन जिंकून राह्यलो ना पन!"

"कोन जिंकून राह्यलं? परवा मी पोरायले सांगतलं, चिखलपारच्या बायायले आपल्या बोडीतून पेयाचं पानी भरू द्या. पोरायनं त्यायचे मडके फोडले. मी सांगून! त्यायच्यात तुहा पत्रू होता." त्यानं माह्याकडं पाह्यलं. "ही लढाई मी सुरू केली तवा मले माहीत होतं का ती पान्याची आहे. पोरायले आता पान्याचं काई नाई. त्यायले मडके फोडाले मजा येऊन राह्यली. आज थांबा म्हनन त पाचजन थांबतीन, अजून सालभरानं एकही थांबनार नाई. ज्याले थांबा म्हनता येत नाई तो कायचा पुढारी?"

मडक्याचं मले माहीत नोहतं. पन हार मानाची मले सवय नाई.

"अन् इतवारीचं नाव?"

भाऊनं खाली पाह्यलं अन् पुन्हा गवत उपटाले लागला.

"आयक भाऊ," मी म्हटलं, "तुले भात कराचा आहे पाळीवर. वाढाचा मले आहे. मी येते तुह्यासंग चिखलपारले. डोमाच्या तोंडानं नाव ऐकल्याबिगर मी पळी हातात धरनार नाई."

ह्या भाताचं सांगाले पाहिजे. आमच्या दोन गावायची जुनी रीत आहे. तंटा मिटला का दोन्ही गावच्या घरोघरून पसा पसा तांदूळ गोळा कराचा, तलावाच्या पाळीवर एकाच गंजात शिजवाचा, अन् एक आमचा एक त्यायचा असं मिळून एका पंगतीत बसाचं. ज्या घरचा मानूस तंट्यात मेला त्या घरच्या बाईनं पयली पळी वाढाची. तिनं नाई वाढली त तंटा मिटला नाई, सारे उठून घरी जातेत. अन् वाढली, त त्या पंगतीत जो जो जेवला, त्यायनं एकमेकावर जन्मात हात उचलाचा नाई. उचलला त त्याचंच गाव त्याले वाळीत टाकते. मालगुजारापेक्षाही जुनी आहे ही रीत, अन् ती मोडलेली मी ऐकली नाई.

म्हंजे पुढारी देवाजी असन, पन चाबी माह्या हाती होती. ते त्यालेही माहीत होतं, मलेही.

दोन दिवसानं आमी गेलो. भाऊनं खाचर जुंपलं, नूर मोहम्मद पुढं पुढं चालत होता, का त्याले पाहून कोनी गोटा मारू नोये. चिखलपारच्या बांध्या पाह्यल्या. वैऱ्याचं धान असलं तरी धानच ना ते. पान्याबिगर पिवळं पडत चाललं होतं. एक बाई आमाले पाहून दारातून आत गेली अन् तिनं दार आपटलं. तिच्यासंग मी कितीदा रोवणा केला होता.

डोमा ओसरीतल्या खाटेवर होता. अवं माय, काय तो मानूस होता अन् काय झाला होता! आवाज तेवढा जुना राह्यला होता.

"ये देवाजी. शकुबाई, या जी, बसा."

बोलनं सुरू झालं. भाऊनं सांगतलं, तुडुमावरचा पहारा उठवतो. त्याच्या झाकनाले दोन कुलपं लावू, एक चाबी तुमची, एक आमची. अन् ह्या अश्विनात पयलं पानी चिखलपारले, मंग आमाले.

मी ताडकन उठली. "पयलं पानी यायले? काऊन? आमी हारलो का?"

डोमाही खोकता खोकता थांबला. "देवाजी, मी एवढं मांगतलं नोहतं. काऊन देऊन राह्यला तू?"

"कमी देल्लं त तू गेल्यावर तुहे पोरं मोडतीन," भाऊ म्हने. "त्यायले वाटलं पाहिजे का हे राखलं त आपला फायदा आहे. तू त पाहाले राहनार नाई."

मरनाऱ्या मानसाच्या तोंडावर असं कोनी बोलते का? पन डोमा हासला. हासून हासून खोकला आला, त्याच्या बायकोनं पानी देल्लं. "बरं आहे," तो म्हने, "तू खरं त बोलला. इथी सकाळपासून सारे मले सांगून राह्यले, तुमी बरे होऊन जासान."

त्यायचं सारं ठरलं. मंग मी पुढं सरकली.

"डोमाभाऊ, मले एकच पाहिजे. माह्या मालकाले कोनं मारलं?"

डोमानं मान वळवून देवाजीभाऊकडं पाह्यलं.

"तू हिले अजून सांगतलं नाई?"

मले आधी समजलंच नाई. मंग समजलं. माह्या भावाले माहीत होतं! तीन साल मी त्याच्या समोर रडली, शिव्या देल्ल्या, देवीले नवस बोलली, अन् त्या मानसाच्या पोटात ते नाव होतं!

मी खाचरात बसली नाई. तरातरा पायी निघाली. नूर मोहम्मद शहाना, तो तिथीच चहा पेयाले थांबला. भाऊ खाचर घेऊन माह्या मांगून येत राह्यला. चिखलपारची शीव ओलांडली.

"कधीपासून?" मी वळून इचारलं.

"चांद्याले केस चालू होती तवापासून. कचेरीच्या नळावर डोमा एकटा भेटला. म्हने, देवाजी, तुमी साऱ्या गावाले वैरी धरलं. गावानं नाई मारलं, एका पोरानं मारलं. त्याचं हे नाव. आता तुह्या हातात."

"अन् तू ऐकून घेतलं! खोटं बोलला असन तो."

"डोमानं त्याच्याच नात्यातल्या पोराचं नाव सांगतलं. खोटं सांगाचं त दुसऱ्याच्या घरचं नसतं का सांगतलं? त्या दिवसापासून मले डोमाचा भरोसा आहे. वैरी असून."

"मले काऊन नाई सांगतलं मंग? मी तुही बहीन ना! रांड त मी झाली, तू नाई!"

"सांगतलं असतं त तुह्या तोंडात राह्यलं असतं का?"

आता काय सांगू? नसतं राह्यलं. सांज व्हायच्या आत पत्रूच्या कानी गेलं असतं.

भाऊ खाचरातून उतरला अन् माह्याजवळ येऊन उभा राह्यला. "चिखलपारात चार-पाच जनायलेच ते माहीत आहे. डोमाच्या धाकानं चूप आहेत. तो गेला का एखादा सिंदेवाहीच्या बाजारात दारू पेऊन बढाई मारन. नाव फुटन. त्या दिवशी पत्रू काय करन? सांग. तू माय आहेस."

मी ती धार पाह्यली होती. त्याच्या कुऱ्हाडीचा आवाज रोज ऐकत होती.

"तो त्या पोराले तोडन," भाऊ म्हने, "अन् मंग त्याले एकतर ते तोडतीन, नाई त सरकार फासावर लटकवन. मी साऱ्या गावाले घराची गोष्ट सांगतली, घरधन्याची, तेही खरं आहे. पन मले घाई कायची लागली ते हे आहे शकू. डोमा मराच्या आत पत्रू त्या पोरासंग एका पंगतीत जेवला पाहिजे. मंग नाव फुटलं तरी त्याचे हात बांधलेले राहतीन. पत्रू तिखट आहे, पन रीत मोडनार नाई. बापावर गेला."

"म्हंजे तू माह्या पोराले फसवून राह्यला."

"हो."

"त्याले कळलं त?"

भाऊ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राह्यला. मले त्याचा राग आला, एवढा आला का तिथीच त्याले हानलं असतं. अन् त्याच वक्ती त्याची कीवही आली. पत्रूबिगर त्याचं लेकरू म्हनून जगात दुसरं कोन होतं?

मंग तो म्हने, "तुले नाव पाहिजे का? मांगशीन त सांगतो. तुहा हक आहे तो. पन मंग ते तुले एकटीले ठेवा लागन. पत्रूले नाई, कोनालेच नाई."

मी आमच्या पाळीवरचा जांभूळ दिसेपर्यंत चालली. मनात आलं, नोको. मंग मनात आलं, इतवारीची बायको होती का नाई मी? मी म्हटलं, "सांग."

त्यानं सांगतलं.

नाव तुमाले सांगनार नाई. इचारू नोका. पत्रूच्याच वयाचं पोरगं. तंट्याच्या आधी दोन्ही गावं एक होते, त त्याच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्या होत्या. बारीकसं, काळं, केसाळ लेकरू होतं. मले वाटलं होतं नाव ऐकलं का राकूस दिसन डोळ्यापुढं. दिसलं ते लेकरू. त्या दिवशी मी चूल पेटवली नाई.

पत्रूनं इचारलं, "माय, डोमानं नाव सांगतलं का?"

"डोमानं नाई सांगतलं," मी म्हटलं. हे खोटं नोहतं. पन खरं बोलूनही तोंड कडू होते, हे मले त्या दिवशी कळलं.

"मंग तू काऊन वाढतं? नाव नाई, काई नाई, अन् भात वाढाले निघाली! मामानं तुलेही फिरवलं."

"मी थकली बापू," मी म्हटलं. "तू जेवशीन का नाई तेवढं सांग."

तो म्हने, "तू वाढशीन त मी उपाशी कसा उठू?"

भाताच्या दिवशी दोन्ही गावं पाळीवर जमले. आमचे अर्धे लोक तोंड फुगवून आले होते, पन आले. चिखलपारचे पोरं माजरीहून आले, नखात कोळसा घेऊन. एवढं मोठं गंज, घरोघरचा तांदूळ, कोनाचा जाडा, कोनाचा बारीक, कोनाचा लाल, सारा एकत्र खदखदून राह्यला होता. वांग्याची भाजी होती, पळसाच्या पानाच्या पत्रावळी होत्या. डोमाले खाटेसकट चौघायनं उचलून आनलं.

पंगत बसवली देवाजीभाऊनं. तू इथी, तू तिथी, एक आमचा, एक त्यायचा. मी पाहत होती. पत्रूच्या उजव्या हाताले त्यानं एका पोराले बसवलं. खांद्याले धरून बसवलं. त्या पोरानं बाजूले कोन आहे ते पाह्यलं अन् त्याचा चेहरा उतरला. उठाले गेला, तसा भाऊ म्हने, "बस गा, जागा चांगली आहे."

मंग सारे माह्याकडं पाहाले लागले. मी पळी भरली अन् डोमाच्या पानात पयला भात वाढला. पाळीवर कोनी खोकललंही नाई. डोमानं एक घास तोंडात घातला, गिळला, अन् म्हने, "जेवा रे."

दोन्ही गावं एकदम बोलाले लागले. बायायनं भाजी घेतली, मी भात घेऊन पंगतीतून चालली. वाढत गेली, वाढत गेली. त्या पोराच्या पानापुढं आली अन् वाढून पुढं सरकली. झालं, मी मनात म्हटलं. निभावलं.

तेवढ्यात मांगून पत्रूचा आवाज आला. "माय! इकडं आन भात. हा पाहुना पाहा ना, लाजून राह्यला, दोन घास खाऊन बसला. आपल्या पाळीवर उपाशी राहीन का हा?"

आमच्या पोरायले शिकवलेलंच असते तसं, पंगतीत बाजूच्याले आग्रह कराचा. पत्रूच्या मनातला राग त्या पोरावर नोहताच. त्याले ठावंच काय होतं? दोघं जवान पोरं, एकाच वयाचे. खदानीत काय काम असते ते तो त्याले इचारून राह्यला होता.

मी परत फिरली. ते पोरगं खाली मान घालून बसलं होतं. त्याचे कान लाल झाले होते. त्याले वाटत असन मले माहीत नाई. का माहीत आहे असं वाटत होतं, देव जाने. मी पळी भरली, काठोकाठ, अन् त्याच्या पानात टाकली. अजून एक टाकली.

"पोटभर जेव बापू," मी म्हटलं.

ते जेवलं. रडत रडत जेवलं. पत्रू मले म्हने, "मिरची लागली वाटते त्याले," अन् आपला पान्याचा गिलास त्याच्यापुढं सरकवला.

डोमा कापणीच्या आधी गेला. चिखलपारात झालं तेच जे भाऊनं सांगतलं होतं, घरोघरी डोमा झाले. पन तुडुमाच्या दोन चाब्या टिकल्या, कारन पयलं पानी त्यायच्या बांध्यात गेलं होतं अन् दाना भरला होता. दुसऱ्या साली रोवण्याले दोन्ही गावच्या बाया मिळून गेल्या. दार आपटलेल्या बाईनं माह्या हाती पऱ्ह्याची, धानाच्या रोपायची जुडी देल्ली.

अन् नाव फुटलं. सिंदेवाहीच्या बाजारात, दारूच्या दुकानासमोर, भाऊनं सांगतलं तसंच. पत्रू घरी आला तो पांढराफटक. कुऱ्हाड भिंतीले टेकून होती. त्यानं ती उचलली, अंगनात गेला, उभा राह्यला. मी दारात. मले वाटलं माहा जीव आता जातो.

"मी त्याले भात वाढाले लावला," तो म्हने. "माह्या तोंडानं. तुह्या हातानं. तुले माहीत होतं?"

"होतं."

"मामाले?"

"होतं."

त्यानं कुऱ्हाड खाली टाकली. मारता येत नाई म्हनून तो जमिनीवर बसून ओरडला, ढोरावानी. सारी गल्ली जमली. मले त्यानं कालांतरानं माफ केलं, मी माय होती. मामाले नाई. त्या दिवसापासून मामाच्या घराची पायरी चढला नाई, रस्त्यात भेटला त तोंड फिरवे. भाऊ रोज सांजेले आपल्या ओसरीवर बसे अन् बैल घेऊन परत येनाऱ्या पत्रूले पाहे. हाक नाई मारली कधी. मी म्हटलं, बोलून पाह्य एकदा. तो म्हने, "नोको. त्याचं बरोबर आहे."

भाऊ मेला तवा दोन्ही गावं आले. चिखलपारचे लोक आमच्यापेक्षा जास्त होते. लेकरू नसलेला मानूस, भाच्यानं खांदा द्यावा ही रीत. पत्रू आला नाई खांद्याले. लोक मले बोलले, शकुबाई, पोराले सांगा, जग काय म्हनन. मी नाई सांगतलं. तिरडी तलावाजवळून चालली होती. पाळीवर पत्रू त्याच्या बारक्या पोरीले कडेवर घेऊन उभा होता, पाठ आमच्याकडं करून. मी भावाच्या तिरडीमांगं चालत त्याच्या पाठीकडं पाहत गेली, ती दिसनं बंद होईपर्यंत.